बारावीनंतर इंग्रजी साहित्यात बी.ए. : कोकणातून अर्ज कुठे आणि कसा करावा?

खाडीकाठ (धागाकर्ता), ४ डिसेंबर

नमस्कार. माझी भाची देवगड तालुक्यात बारावी कला शाखेत शिकते आहे. दहावीपर्यंतचे तिचे सारे शिक्षण मराठी माध्यमात झाले. इंग्रजी भाषा आणि साहित्य हा मुख्य विषय घेऊन तिला बी.ए. करायचे आहे आणि हे तिने कोणाच्या सांगण्यावरून ठरवलेले नाही.

गेल्या मे महिन्यात तिने माझ्याकडून एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश नेला होता. तो परत करताना तिने विचारले, "मामा, 'क्रीक' म्हणजे एके ठिकाणी खाडी दिली आहे आणि दुसरीकडे ओढा. दोन्ही बरोबर कसे असतील?" मी शोधून पाहिले, तेव्हा कळले की इंग्लंडच्या इंग्रजीत भरतीचे पाणी जिथवर आत शिरते त्या समुद्राच्या फाट्याला क्रीक म्हणतात आणि अमेरिकेत हाच शब्द लहानशा ओढ्याला लागला. तिच्या घराच्या पायरीवरून खाडी दिसते. एक शब्द समुद्र ओलांडून गेला आणि खाऱ्या पाण्याचा गोडा झाला, हे ती घरात येईल त्याला आठवडाभर सांगत होती. तिचा कल खरा आहे याविषयी मला तेव्हापासून शंका उरलेली नाही.

भावोजींची स्वतःची लहान होडी आहे आणि घर मासेमारीवर चालते. त्यांचा विरोध नाही, पण "पुढे काय?" हा त्यांचा प्रश्न आहे आणि तो रास्त आहे. जवळच्या महाविद्यालयात घालावे की रत्नागिरी, मुंबई, पुणे असा विचार करावा, केंद्रीय विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेला बसवावे का, मराठी माध्यमाची अडचण कितपत येते आणि कागदपत्रांची तयारी केव्हापासून करावी, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

चिरा, ४ डिसेंबर

मी रत्नागिरी जिल्ह्यात अनेक वर्षे इंग्रजीचे अध्यापन करून निवृत्त झालो आहे. थोडे सविस्तर लिहितो.

आपल्या भाचीला महाविद्यालय निवडताना एकच प्रश्न सर्वांत आधी विचारायला सांगा : "आपल्याकडे इंग्रजी हा मुख्य विषय, म्हणजे मेजर म्हणून, शेवटच्या सत्रापर्यंत शिकवला जातो का?" पहिल्या वर्षाला इंग्रजी जवळपास सगळीकडे असते, कारण ते संवादकौशल्य म्हणून किंवा अनेक विषयांपैकी एक म्हणून शिकवले जाते. इंग्रजी साहित्याची पदवी ही वेगळी गोष्ट आहे. तिच्यात काव्य, नाटक, कादंबरी, समीक्षा, भाषाविज्ञान आणि भारतीय इंग्रजी साहित्य यांच्या स्वतंत्र अभ्यासपत्रिका असतात आणि त्या पुढच्या वर्षांत दाट होत जातात. माहितीपत्रकावर 'बी.ए.' एवढेच छापलेले असते. खरी गोष्ट विभागात जाऊन विचारल्याशिवाय कळत नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार आता मेजर, मायनर (म्हणजे दुय्यम विषय), खुले ऐच्छिक विषय, कौशल्याधारित विषय अशी रचना आली आहे. तीन वर्षांनी, म्हणजे सहा सत्रांनी, पदवी मिळते आणि चौथे वर्ष केले तर ऑनर्स पदवी. सहा सत्रांत ७५ टक्के गुण असतील तर चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्सचा मार्ग खुला होतो, आणि चार वर्षे केलेल्या विद्यार्थ्याला एम.ए. एका वर्षात पूर्ण करता येते. म्हणून दुसरा प्रश्न असा विचारावा की, मेजर कोणत्या टप्प्यावर निश्चित करावे लागते आणि इंग्रजीबरोबर मायनर म्हणून काय काय उपलब्ध आहे. इतिहास, मानसशास्त्र किंवा मराठी मिळत असेल तर साहित्याच्या विद्यार्थ्याला ते फार उपयोगी पडते.

मराठी माध्यमाविषयी. माझे जे विद्यार्थी पुढे चांगले निघाले, त्यांतले बरेचसे मराठी माध्यमातलेच होते. पहिले सहा महिने त्यांना जड जातात, हे लपवण्यात अर्थ नाही. व्याख्यान पूर्ण कळत नाही, टिपणे घेताना हात मागे राहतो आणि उत्तर मनात मराठीत तयार होऊन कागदावर येताना अडखळते. परंतु कविता म्हणजे काय, हे ज्याला आधी मराठीत उमगलेले असते, त्याला दुसऱ्या भाषेतली कविता उघडायला किल्ली सापडते. ज्याने कुठल्याच भाषेत काही वाचलेले नसते, त्याचे इंग्रजी कितीही फाडफाड असले तरी साहित्याच्या वर्गात तो अडतो. विंदा करंदीकर तर आपल्या भाचीच्याच तालुक्यातले, धालवलीचे. त्यांनी इंग्रजीचे अध्यापन केले, 'किंग लिअर' मराठीत आणले आणि ज्ञानपीठ मिळवले ते मराठी साहित्यासाठी. दोन भाषांच्या मध्ये उभे राहणे ही उणीव समजू नये, एवढेच मला म्हणायचे आहे.

आजपासून परीक्षेपर्यंत वेगळे पुस्तक शोधण्याचीही गरज नाही. राज्य मंडळाच्या इंग्रजी 'युवकभारती' या पाठ्यपुस्तकांत अकरावीला नाटक आणि बारावीला कादंबरी हे साहित्यप्रकार म्हणून दिलेले आहेत आणि कवितेचे रसग्रहण लिहायला लावतात. हा भाग पुष्कळ मुले मार्गदर्शकातून पाठ करतात. तिने तो स्वतःच्या शब्दांत लिहून पाहावा. त्यात तिला आनंद वाटला तर विषय तिचा आहे.

सुरंगी, ५ डिसेंबर

चिरा सरांनी जो पहिला प्रश्न सांगितला, तो मी विचारला नव्हता, म्हणून लिहीत आहे.

मी सिंधुदुर्गातल्या एका महाविद्यालयात एफ.वाय.ला इंग्रजी घेतले होते. दुसऱ्या वर्षीही घेतले. तृतीय वर्षाचा अर्ज भरायला गेले, तेव्हा खिडकीतून सांगण्यात आले की इंग्रजीला पुरेसे विद्यार्थी नसल्यामुळे यंदा तो विषय चालणार नाही आणि मी दुसरा विषय निवडावा. आम्ही चौघीच होतो. बाकीच्या तिघींनी तिथल्या तिथे विषय बदलला. मी दोन दिवस मागितले. दुसऱ्या महाविद्यालयात चौकशी केली, तर तिथल्या जागा भरल्या होत्या आणि घरून रोज पंचेचाळीस किलोमीटर एस.टी.ने जाण्याची परवानगी मिळाली नाही. शेवटी मी इतिहास घेऊन पदवीधर झाले. इतिहास मला आवडतो, तरी ज्या दिवशी मी इंग्रजीच्या वह्या बांधून माळ्यावर टाकल्या तो दिवस मला आजही आठवतो.

म्हणून केवळ 'विषय आहे का' एवढे विचारून थांबू नका. गेल्या तीन वर्षांत शेवटच्या वर्षाला किती विद्यार्थी होते, विभागात पूर्णवेळ प्राध्यापक किती आणि तासिका तत्त्वावरचे किती, हेही विचारा. विचारताना संकोच वाटतो, पण मुलीची तीन वर्षे त्यावर अवलंबून असतात. शक्य असेल तर तिथे आत्ता शिकत असलेल्या एखाद्या विद्यार्थिनीशी भाचीला पाच मिनिटे बोलू द्या.

वल्हे, ५ डिसेंबर

मी आपले सरकार सेवा केंद्र चालवतो, म्हणून कागदपत्रांपुरते बोलतो.

आपल्याकडे दरवर्षी एकच चूक होते. निकाल लागला की सगळे एकदम दाखल्यांसाठी येतात. त्याच वेळी पाऊस सुरू होतो, वीज जाते, रेंज जाते, सर्व्हर अडकतो आणि महाविद्यालयाची मुदत मात्र थांबत नाही. गेल्या जूनमध्ये एक मुलगी सकाळी आठला भिजत आली, दुपारी तीनपर्यंत पायरीवर बसून राहिली आणि लाईट आली तेव्हा दस्तऐवज अपलोड होता होता पुन्हा गेली. तिच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत मूळ गुणपत्रिका होती आणि ती पिशवी तिने एकदाही खाली ठेवली नाही. त्या मुलीचे काम दुसऱ्या दिवशी झाले. सगळ्यांचे होतेच असे नाही.

त्यामुळे उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र आणि लागू असेल तर जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र व नॉन-क्रीमीलेअर हे सर्व एप्रिलच्या अखेरीस हातात असावे. उत्पन्नाचा दाखला नव्या आर्थिक वर्षाचा लागतो, म्हणून तो एप्रिल उजाडताच काढावा. वैधतेला सर्वांत जास्त वेळ लागतो, त्याचा अर्ज झाला नसेल तर याच आठवड्यात करा. बँक खाते आधारशी जोडलेले आहे की नाही ते तपासा, कारण महाडीबीटी या राज्य शासनाच्या संकेतस्थळावरची शिष्यवृत्तीची रक्कम त्याच खात्यात येते.

आता नावाविषयी. शाळेच्या दाखल्यावर एक स्पेलिंग, आधारवर दुसरे आणि बारावीच्या हॉलतिकिटावर तिसरे, असे आमच्या किनाऱ्यावर फार आढळते. आजीने सांगितलेले नाव शाळेत लागते आणि आईने सांगितलेले आधारवर येते. अपार आयडी (विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक) आणि क्रेडिट बँकेचे, म्हणजे मिळवलेल्या श्रेयांकांच्या नोंदीचे, खाते आधारवरच्या नावाशी जुळावे लागते, त्यामुळे हा फरक प्रवेशाच्या दिवशी उघड होतो आणि मग धावपळ होते. आज रात्रीच तिन्ही कागद शेजारी ठेवून एकेक अक्षर जुळवा.

मुंबई विद्यापीठाच्या अखत्यारीतल्या महाविद्यालयांसाठी, म्हणजे रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतही, आधी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर प्रवेशपूर्व ऑनलाइन नोंदणी करावी लागते आणि त्या अर्जाची प्रत महाविद्यालयाच्या अर्जाला जोडावी लागते. अनेकांना वाटते की विद्यापीठाचा फॉर्म भरला म्हणजे प्रवेश झाला. तसे नाही. तिला तीन महाविद्यालयांत अर्ज करायचा असेल, तर नोंदणी एकदा आणि महाविद्यालयांचे अर्ज तीन. नोंदणी करताना ज्या ज्या महाविद्यालयांचा विचार आहे ती सर्व निवडून ठेवावीत. गुणवत्ता यादीत नाव लागले की शुल्क भरायला मोजकेच दिवस मिळतात, म्हणून रोज यादी पाहण्याची जबाबदारी घरातल्या एकाने घ्यावी.

आणि भावोजी मासेमारी करतात असे आपण लिहिले आहे, म्हणून हेही सांगतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते आणि प्रवेशशुल्क नेमके त्याच काळात भरावे लागते. होडी झापांखाली आणि हातात रोकड नाही, अशी अनेक घरांची स्थिती असते. शुल्काची रक्कम मे महिन्यातच बाजूला काढून ठेवावी, आणि ते शक्य नसेल तर प्राचार्यांना हप्त्यांसाठी लेखी विनंती करावी. तोंडी बोलणे पुरत नाही, अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. माझ्या माहितीत अशा अर्जांचा विचार होतो.

खाडीकाठ, ७ डिसेंबर

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. कागद शेजारी ठेवून पाहिले. आडनावाच्या शेवटी एका ठिकाणी एक 'ए' जास्त आहे. दुरुस्तीचे काम सुरू केले आहे.

रत्नागिरीचे गोगटे-जोगळेकर महाविद्यालय आणि सावंतवाडीचे श्री पंचम खेमराज महाविद्यालय या दोन्ही ठिकाणी प्रत्यक्ष जाऊन चौकशी करण्याचे ठरवले आहे. भाचीच्या मैत्रिणीने तिला सी.यू.ई.टी., म्हणजे केंद्रीय विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेविषयी सांगितले आहे आणि दिल्लीचे नाव घरात प्रथमच निघाले आहे. याविषयी कोणी अनुभवाने सांगू शकेल का?

पाणंद, ८ डिसेंबर

मी मूळची चिपळूणची. सी.यू.ई.टी. देऊन दिल्ली विद्यापीठात इंग्रजी ऑनर्सला प्रवेश घेतला. त्यामुळे त्यातले चांगले आणि अवघड दोन्ही सांगू शकते.

ही परीक्षा २०२२ पासून घेतली जाते आणि दिल्ली, बनारस यांसारख्या केंद्रीय विद्यापीठांचे पदवी प्रवेश तिच्या गुणांवर होतात. म्हणजे बारावीला आपल्याला किती टक्के पडले, हे तिथे पात्रतेपुरते उरते. अर्ज निकालाच्या कितीतरी आधी, बारावीच्या परीक्षेच्या आगेमागे भरून घेतात. कोकणातली पुष्कळ मुले इथेच चुकतात, कारण आपल्याकडे 'निकालानंतर पाहू' अशीच सवय आहे. २०२५ पासून परीक्षा पूर्णपणे संगणकावर होते, जास्तीत जास्त पाच विषय घेता येतात, प्रत्येक विषयाला ६० मिनिटांत ५० प्रश्न असतात आणि ते सर्व अनिवार्य असतात. बरोबर उत्तराला ५ गुण मिळतात, चुकीच्या उत्तराला १ गुण जातो.

इंग्रजी साहित्यासाठी इंग्रजी भाषेची चाचणी निर्णायक असते. त्यात उतारे, शब्दसंपत्ती, वाक्यांचा क्रम लावणे असे प्रश्न येतात. कवितेवर लिहायला लावत नाहीत. मला याचे वाईट वाटले होते, कारण जे मला येत होते ते कोणी विचारलेच नाही. बाकीच्या विषयांचे प्रश्न एन.सी.ई.आर.टी.च्या बारावीच्या पुस्तकांवर बेतलेले असतात आणि आपली पुस्तके राज्य मंडळाची. इतिहास घेतला तर अक्षरशः दुसरा इतिहास वाचावा लागतो. मी बारावीच्या लेखी परीक्षेनंतरच्या मोकळ्या आठवड्यांत तेवढेच केले. प्रश्नपत्रिका मराठीतूनही घेता येते आणि भाषांच्या यादीत मराठीची स्वतंत्र चाचणीही आहे. भाची ज्या विषयांत बसणार आहे, ते तिने बारावीला घेतलेले आहेत ना, हे दिल्लीच्या पात्रतेच्या नियमांशी ताडून पाहा.

गुण आले म्हणजे काम संपले असेही नाही. दिल्ली विद्यापीठाच्या सी.एस.ए.एस. या संकेतस्थळावर वेगळी नोंदणी करून महाविद्यालय आणि अभ्यासक्रम यांच्या जोड्या पसंतीक्रमाने भराव्या लागतात. जितक्या जास्त जोड्या, तितकी शक्यता जास्त. मी आधी सातच भरल्या होत्या. रात्री अकराला एका वरिष्ठ मुलीने फोनवर समजावले, तेव्हा त्या पन्नासच्या वर नेल्या. मिळालेले महाविद्यालय त्या पन्नासांतले होते, सातांतले नव्हते.

खर्चाचा विचार आधी करावा. तिथल्या बहुतेक महाविद्यालयांचे शुल्क पेलण्यासारखे असते, राहण्याजेवणाचा खर्च पेलत नाही. वसतिगृह सर्वांना मिळत नाही. आणि एक गोष्ट मी आईला कधी सांगितली नाही ती इथे लिहिते : पहिल्या पावसाळ्यात मला झोप लागत नसे, कारण कौलांवरचा आवाज नव्हता. तरीही मी पुन्हा तोच निर्णय घेईन. ज्या प्राध्यापकांकडे मी शिकले आणि ज्या ग्रंथालयात बसले, ते मला घरी राहून मिळाले नसते. मात्र भाचीने दिल्लीसाठी अर्ज करावा तो जवळचा अर्ज भरूनच.

सुरंगी, ८ डिसेंबर

पाणंद यांचे लिखाण वाचून भरून आले. एक पूरक माहिती देते. घरची परिस्थिती बाहेर पाठवण्यासारखी नसेल आणि जवळ विषय मिळत नसेल, तर इग्नूमध्ये (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठात) इंग्रजी ऑनर्सची पदवी दूरस्थ पद्धतीने करता येते आणि वर्षातून दोनदा, जानेवारी व जुलैच्या सत्रांसाठी, प्रवेश दिला जातो. त्या वेळी मला हे कोणी सांगितले असते तर मी केले असते. एकटीने अभ्यास करण्याची शिस्त मात्र हवी.

चिरा, ९ डिसेंबर

भावोजींच्या प्रश्नाचे उत्तर राहिले होते. पदवीनंतर राज्याची बी.एड.ची सीईटी ही प्रवेश परीक्षा देऊन दोन वर्षांचे बी.एड. केले की माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवण्याची पात्रता येते, आणि आमच्या ग्रामीण शाळांना इंग्रजी नीट शिकवणाऱ्या शिक्षकांची खरोखर गरज आहे. तरीही भरती केव्हा आणि किती होईल हे कोणाच्या हातात नसते, तेव्हा नोकरीचे आश्वासन मी देणार नाही. एम.ए. करून सेट किंवा नेट ही पात्रता परीक्षा उत्तीर्ण झाल्यास महाविद्यालयीन अध्यापनाची पात्रता मिळते. कोणत्याही शाखेच्या पदवीधराला स्पर्धा परीक्षा आणि तीन वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम खुला असतो. माझे काही विद्यार्थी अनुवाद, प्रकाशन आणि वृत्तपत्रे यांत आहेत, आणि त्यांना काम मिळाले ते मराठी व इंग्रजी या दोन्ही भाषा चांगल्या असल्यामुळे. म्हणून तिचे मराठी वाचन सुटू देऊ नका.

भावोजींना हे सांगताना आपण सांगू नये, तिला सांगू द्यावे. वडिलांना मुलीच्या तोंडून ऐकायचे असते.

खाडीकाठ, ११ जुलै

बरेच महिने लिहिणे झाले नाही, क्षमस्व. झाले ते आपणा सर्वांना कळवणे माझे कर्तव्य आहे.

आडनावाची दुरुस्ती फेब्रुवारीत झाली. उत्पन्नाचा दाखला एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मिळाला. भाचीने सी.यू.ई.टी.चा अर्ज भरला, परीक्षा दिली आणि इंग्रजीत तिला बरे गुण मिळाले. इतिहासात मात्र कमी पडले आणि त्याचे कारण पाणंद यांनी लिहिले तेच होते. दिल्लीची पसंती तिने भरलेली आहे. तिथल्या फेऱ्या सुरू होण्याआधीच रत्नागिरीच्या यादीत तिचे नाव लागले. तिथे विभागात जाऊन तिने आपले तिन्ही प्रश्न स्वतः विचारले. मी दाराबाहेर उभा होतो. बाईंनी तिला आत बसवले आणि शेवटच्या वर्षाच्या दोन विद्यार्थिनींना बोलावून घेतले. पंधरा मिनिटांनी बाहेर आली ती त्यांच्याकडून पुस्तकांची एक यादी घेऊनच.

शुल्क भरण्याचा दिवस २४ जून होता. होडी वर ओढलेली होती. वल्हे यांनी सांगितल्याप्रमाणे भावोजींनी मे महिन्यातच रक्कम वेगळी ठेवली होती, तरी वसतिगृहाची अनामत धरून थोडी कमी पडली, म्हणून हप्त्यासाठी लेखी अर्ज दिला आणि तो मंजूर झाला. पोच मी जपून ठेवली आहे.

दिल्लीचे काय होते ते कळेलच. तिथे जागा मिळाली तर काय करायचे, यावर घरात दोन मते आहेत आणि तिचे मत अजून तिने सांगितलेले नाही. परवा तिला रत्नागिरीला सोडून आलो. शब्दकोश या वेळी ती परत देणार नाही, असे तिने आधीच सांगितले आहे.